पंधरा पिनांचा उस्ताद

"हे आता चालत नाही," असं कोणी दुकानात येऊन म्हटलं की तो आधी चष्मा काढायचा. सदऱ्याच्या टोकाला पुसायचा, परत नाकावर चढवायचा आणि मग विचारायचा, "कोण म्हणतंय?"

"शोरूमवाला म्हणाला."

"त्याला विकायचंय. मला बघायचंय. सांगा, कोणाचं ऐकायचं?"

लोणावळ्याच्या बाजारात दोन चिक्कीच्या दुकानांमधे त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, फट होती ती. आत दोन माणसं बसली की तिसऱ्यानं उंबऱ्यावर उभं राहायचं. दोन्हीकडनं गुळाचा वास यायचा. पावसाळ्यात भुशी धरणाकडं निघालेली पोरं डोक्याला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून त्याला विचारायची, "चाचा, चिक्की कुठली चांगली?" तो तोंड उघडून दाखवायचा. पुढचे चार दात नव्हते.

नाव मी सांगत नाही. बाजार त्याला उस्ताद म्हणायचा. मी भाई म्हणायचो. तो मला आबा म्हणायचा. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, तरी आबाच म्हणायचा. मी एकदा म्हटलं, "भाई, मोठे तुमी. मला कशाला आबा म्हणता?"

"मोठा कोण ते खांद्यांवरनं ठरतं. तुमचे पडलेत."

असा होता. तोंडावर बोलायचा. माझी बायको जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. बाकी सगळे मला 'देवाची इच्छा' सांगत होते. ह्यानं खांदे पडलेत म्हणून सांगितलं. मला बरं वाटलं.

लॅपटॉप दुरुस्त करायचा तो, पण कुठलाही नाही. ज्याला सीडीचा कप्पा आहे तोच आधी हातात घ्यायचा. बिनकप्प्याचा पातळ लॅपटॉप कोणी आणला तर दोन बोटांत धरून उलटासुलटा करायचा आणि म्हणायचा, "ह्याला खायला तोंड ठेवलं नाही हो." करून द्यायचा, पण बोलून बोलून.

त्याच्याकडं एक पाट होता. शेजारच्या दुकानानं टाकून दिलेला, चिक्की थापायचा लाकडी पाट. त्यावर त्यानं एका ओळीत सगळी तोंडं बसवली होती. लॅपटॉपमधनं चित्र बाहेर काढून टीव्हीला द्यायचं असेल तर ज्यात वायर खुपसतात, ती तोंडं. शिकलेले लोक पोर्ट म्हणतात. पहिलं निळं, दोन्ही बाजूंना स्क्रूचे कान असलेलं. ते व्हीजीए. मग पांढरं रुंद. मग चपटं, ते एचडीएमआय. मग एक कोपरा छाटलेलं. शेवटी बारकं लांबुळकं, नव्या फोनला असतं तसं.

गिऱ्हाईक आलं की तो पाट त्याच्या मांडीवर ठेवायचा. "डोळे मिटा. बोट फिरवा. तुमच्यात कुठलं आहे ते सांगा." माणूस चुकला तर त्या दिवशी त्याचं काम नाही. मोठमोठे बंगलेवाले डोळे मिटून चिक्कीच्या पाटावर बोटं फिरवत बसलेले मी बघितलेत. मी चौथी शिकलेला. पण ती सगळी तोंडं माझ्या बोटाला अजून पाठ आहेत.

निळ्या तोंडावर त्याचा जीव. "पंधरा पिना. पाचाच्या तीन ओळी. आबा, हे चपटं आहे ना, हे आधी टीव्हीला विचारतं, तू कोण? तुला दाखवायची परवानगी आहे का? टीव्हीचं उत्तर आवडलं नाही की पडदा काळा. निळं कोणाला काही विचारत नाही. चित्र आलं, पुढं दिलं. मला असा माणूस आवडतो."

"पर ह्यातनं आवाज न्हाई येत म्हनं?"

"नाही येत. आवाजाची वायर वेगळी लावायची. मग? एका वायरीनं सगळंच करायला पाहिजे का? तुम्ही घरात सगळं एकटेच करत होता का?"

घरात मी काहीच करत नव्हतो. सगळं तीच करायची.

पिना वाकल्या की तो रिकाम्या रिफिलचं टोक एकेका पिनेवर चढवून सरळ करायचा. दात घासायच्या जुन्या ब्रशानं तोंडं साफ करायचा. तेवढ्यात माळ्यावरनं त्याची बायको ओरडायची, "भंगार आधी बाहेर काढा, मग मी खाली येते. दुकान आहे का कबाडखाना?" तो मान खाली घालून ब्रश फिरवत राहायचा. मधेच मला डोळा मारायचा. शिव्या खाणाऱ्या माणसाचा हेवा वाटावा, असे दिवस माझ्यावर आले होते. मला त्याचा हेवा वाटायचा.

त्याची माझी ओळख मात्र त्याच्या आधीची, आमची ही जिवंत होती तेव्हाची.

मळवलीला एका मुंबईवाल्याचा बंगला मी सांभाळतो. जन्म गेला त्यात. मागं दोन खोल्या आम्हाला दिलेल्या. कंपन्यांचे लोक मिटिंगला येतात, दोन दिवस राहतात, लॉनवर बाटल्या टाकून जातात. एकदा असेच नऊ जण आले. त्यांच्या मोठ्या साहेबाकडं नवाकोरा पातळ लॅपटॉप. भिंतीवर चित्र पाडायचं मशीन बंगल्यातलं, जुनं. वायर बसेना. मग त्यांनी पिशवीतनं एक जोडतुकडा काढला. तो बसला, पण भिंतीवर चित्र काही येईना. नऊ शिकलेली माणसं मशीनभोवती उभी. आणि साहेब मला म्हणतो, "काका, साफसफाई करताना तुम्हीच काहीतरी हलवलं असणार."

मी म्हटलं, "मी त्याच्यावरली धूळ पुसतो. आत हात घालत न्हाई. तुमाला जमत न्हाई म्हनून माज्यावर ढकलू नका."

साहेब लालबुंद. पण मशीन चालायला हवं होतं. बंगल्यावर वायरिंग करणाऱ्यानं उस्तादचं नाव सांगितलं. तासाभरात तो मोपेडवरनं आला. पाठीला पिशवी, पायाशी पाट. साहेबाच्या मांडीवर पाट ठेवायला गेला, तर साहेब म्हणाला, "हे नाटक नको. काय झालंय ते सांगा."

उस्तादनं चष्मा पुसला. भिंग लावून लॅपटॉपचं ते लांबुळकं तोंड बघितलं. "साहेब, ह्याच्यातनं चित्र निघत नाही. ह्याच्यातनं नुसतं चार्जिंग आणि फाइल."

"असं कसं? माझ्या आधीच्या लॅपटॉपला हेच पोर्ट होतं. त्यातनं निघायचं."

"तुमच्या दाराला जशी कडी तशीच शेजाऱ्याच्या दाराला. म्हणून शेजाऱ्याच्या घरात जाऊन झोपता का?"

आठ जण खाली बघून हसले. उस्तादनं पिशवीतनं आपला जाडा लॅपटॉप काढला, निळी वायर खुपसली, दोन्ही कान पिळले. साहेबाची फाइल पेनड्राइव्हवरनं घेतली. भिंतीवर चित्र. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाला, "कमाल आहे! हे डबडं अजून चालतं? म्युझियममधे ठेवायला पाहिजे."

उस्तादनं कान उलटे पिळले आणि वायर उपसली. भिंत कोरी. "म्युझियम बंद व्हायची वेळ झाली," म्हणाला, आणि लॅपटॉप काखेत मारून मागच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसला.

आमच्या हिनं चहा आणला. त्यानं घोट घेतला. "वैनी, साखर जास्त झाली."

ही म्हणाली, "तुमच्या जिभेचा अंदाज घिऊनच घातली."

तो एवढा हसला की चहा सदऱ्यावर सांडला. आतनं एकेक जण येऊन हात जोडून जात होता. हा हलेना. शेवटी साहेब स्वतः मागच्या दारी आला. "चुकलं माझं," म्हणाला. उस्ताद म्हणाला, "मला नाही. ह्यांना म्हणा. मशीन ह्यांनी हलवलं नव्हतं." साहेबानं मला म्हटलं. उभ्या आयुष्यात त्या बंगल्यात मला कोणी 'चुकलं' म्हटलेलं नाही. तेवढं एकदाच.

त्या दिवशी निघताना हिनं त्याला विचारलं, "भाऊ, आमच्या पोरीच्या लग्नाची सीडी हाय. आमचं सीडीचं मशीन बिघाडलंय. तुमच्याकडं दिसंल का?"

"दिसेल की. कधीही आणा."

"न्हेऊ आपन," ती मला म्हणाली. "मला एकदा सगळ्यांना बघायचंय."

मी म्हटलं, नेऊ. आज नेऊ, उद्या नेऊ, भात लावणी होऊ दे, पाहुणे जाऊ देत. मळवलीहून लोणावळा किती लांब? बसायला जागा मिळेपर्यंत उतरायची वेळ येते. तरी चार वर्षं मी तिला नेलं नाही. मग तिला ताप आला आणि तीन दिवसांत ती गेली. ह्याचा मी कोणाला दोष देत नाही. सीडीचा दोष मात्र माझा.

पोरानं तिचा फोटो मोठा करून आणला. चांगला आहे. पण फोटो गप्प असतो आणि आमची ही कधी गप्प नव्हती. मोबाईलवर ती बोलायची नाही, कोणी धरला समोर तर पदर आडवा घ्यायची. तिचा आवाज उरला होता तो फक्त त्या सीडीत. मी कपाटातनं सीडी काढली.

आणि तिच्या चकचकीत बाजूला, कडेला, कुंकू.

ते कसं आलं ते सांगतो. दसऱ्याला आम्ही विळा, कोयता, फावडं, पाटा-वरवंटा मांडून पूजा करतो. मशीन बिघडल्यावर पहिल्या दसऱ्याला हिनं त्या रांगेत सीडी ठेवली. मी विचारलं, "हे कुठलं हत्यार?"

"पोरगी हाय ह्याच्यात."

सीडीच्या एका बाजूला पोरीचा आणि जावयाचा फोटो छापलेला. ही म्हणाली, "हिकडनं लावलं तर जावयाच्या तोंडाला लागंल. पाठीला लावते." चकचकीत बाजू तिला पाठ वाटली. मलाही वाटली. खरं चित्र त्याच बाजूत असतं, हे आम्हा दोघांना कोण सांगणार होतं? दर दसऱ्याला तिनं तेल-कुंकवाचं बोट तिथंच टेकवलं. थरावर थर. वाळून टणक झालं होतं. नीट बघितलं तर बोटाच्या रेषा दिसायच्या.

पोराचा लॅपटॉप बिनकप्प्याचा. "आबा, आता सीडी कोणी लावत नाही. टाकून द्या," म्हणाला. मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही. पोरीकडं दुसरी सीडी होती, ती नातवंडांनी गाडीचं चाक करून खेळताना मोडून टाकलेली. फोटोवाल्याकडं गेलो तर तो आता मोबाईलची कव्हरं विकतो. जुनं सगळं त्यानं पुसून टाकलेलं. तळेगावात एका दुकानात सीडी दिली. काउंटरवरचा जवान गडी हसला. "काका, कुठल्या येड्यानं कुंकू लावलंय हे?"

मी म्हटलं, "माज्या बायकोनं. आन् ती येडी न्हवती. आन हिकडं ती सीडी."

"अहो, लिक्विडनं घासून देतो ना."

"हात लावशील तर बघ."

तिथनं निघालो तो तडक लोणावळ्याला, उस्तादच्या दुकानात. त्यानं सीडी हातात घेतली, उजेडात तिरकी धरली. मी वाट बघत होतो, हाही हसणार. त्यानं चष्मा पुसला.

"दर वर्षी?"

"व्हय. दसऱ्याला."

"एकाच जागी लावलंय. इकडं तिकडं कुठं शिंतोडा नाही. हात पक्का होता वैनींचा."

बायको गेल्यावर मी कोणासमोर रडलो नव्हतो. त्या फटीत बसून रडलो. तो ब्रश घेऊन पिना साफ करत बसला. माळ्यावरनं त्या दिवशी एकही शिवी आली नाही.

मग त्यानं मला समजावून सांगितलं. "आबा, ही सीडी नाही, डीव्हीडी."

"तुमी काय बी म्हना."

"बरं, सीडी. ही मधनं बाहेर वाचत जाते. लग्नाची सुरुवात मधल्या भोकापाशी, शेवट कडेला. वैनींनी कुंकू कडेला लावलंय. म्हणजे हळद दिसेल, अक्षता दिसतील. शेवटचं दिसायचं नाही."

शेवटची असते पाठवणी.

त्यानं सीडी कप्प्यात घातली, निळी वायर फळीवरच्या टीव्हीला जोडली, आवाजाची वायर वेगळी जोडली. आणि ती दिसली. हिरवं लुगडं, कमरेला खोचलेलं. मांडवात इकडून तिकडं पळतेय, हात करून कोणाला तरी दटावतेय, बोलतेय, बोलतेय. आणि ऐकू काय येतंय? सनई. फोटोवाल्यानं सबंध लग्नावर गाणी चढवली होती. हिचं तोंड अखंड चालू आणि वर सनई. मी म्हटलं, "भाई, ती काढा की सनई."

"निघत नाही, आबा. एकात एक शिजलंय."

पण मला आठवत होतं. मशीन धड होतं तेव्हा आम्ही दोन-चारदा बघितली होती. शेवटी शेवटी फोटोवाल्याची गाणी संपली होती. पाठवणीच्या टोकाला सनई थांबते आणि हिचा आवाज येतो. ती काहीतरी बोलते. मोठ्यांदा बोलते. काय बोलते ते मला आठवत नव्हतं. बायको काय बोलली ते आठवत नाही, ह्याच्यासारखी लाजेची गोष्ट नाही. आणि हीच आठवण मला पाहिजे होती.

पोरगी गाडीपाशी आली. सनई चालूच. तेवढ्यात चित्राचे चौकोन चौकोन झाले, सगळं अडकलं. लॅपटॉप खर्र खर्र करत राहिला.

"कुंकवाखाली आहे," उस्ताद म्हणाला.

"मग पुसा."

"मी नाही पुसणार."

"का?"

"माझं काम धूळ पुसायचं, बुरशी पुसायची. हे त्यातलं नाही. तुम्ही पुसा, नाहीतर तसंच घेऊन जा. दोन्ही बरोबर आहे."

मला राग आला. "मग दुकान कशाला उघडलंय?"

"आधी माझं बाकीचं करून बघू दे की! लगेच पुसायच्या मागं काय लागलात?"

त्याच्याकडं कप्पेवाले अकरा लॅपटॉप होते. प्रत्येकाची वाचायची नजर वेगळी असते म्हणायचा. एखादा जुना, सावकाश फिरणारा कुंकवाच्या बाजूनं निघून जाईल. मी सीडी सोडून जायला तयार नव्हतो, म्हणून रोज सकाळी बंगल्याचं झाडून मी यायचो आणि संध्याकाळी सीडी घेऊन परत जायचो. चार दिवस. त्यानं गिऱ्हाइकं परत पाठवली. एकेका लॅपटॉपला कप्पा काढून साफ करायचा, सीडी घालायचा, कान लावून बसायचा. सगळे त्याच जागी अडकले. अकरावा अडकला तेव्हा त्यानं लॅपटॉपलाच शिवी दिली. मग मला म्हणाला, "आबा, मी हरलो नाही. ही मशिनं हरली. आता तुमचं तुम्ही ठरवा."

मी सीडी घरी नेली. पोरगा म्हणाला, पुसून टाका, आईचा आवाज महत्त्वाचा. पोरगी फोनवर रडली, "आबा, आईचं बोट हाय ते. ऱ्हाऊ द्या." दोघांनाही मी गप्प केलं. बायको माझी. बोट तिचं. आवाज तिचा. एक ठेवायचं तर दुसरं जातंय, आणि हे ठरवायला ती घरात नाही. आठ दिवस सीडी देव्हाऱ्यात ठेवून समोर बसलो. भात शिजवायचो, तसाच ठेवायचो, सकाळी कुत्र्याला घालायचो.

नवव्या दिवशी सकाळी दुकानात गेलो. "फडका द्या."

त्यानं मऊ फडका दिला, वाटीत पाणी दिलं. "गोल पुसायचं नाही. गोल ओरखडा सबंध गोष्ट खातो. मधनं बाहेर, सरळ."

उंबऱ्यावर एक गिऱ्हाईक आलं. उस्ताद म्हणाला, "दुकान बंद आहे." असं तो कधी म्हणत नसे.

फडका मी बाजूला ठेवला. अंगठा पाण्यात बुडवला आणि तिच्या बोटावर ठेवला. जरा वेळ तसाच. कुंकू मऊ झालं, अंगठ्याला आलं. ते मी माझ्या कपाळाला लावलं. बायको गेलेल्या माणसानं लावावं का नाही ते मला कोणी शिकवायचं नाही. तिनं चार वर्षं लावलेलं कुंकू मी फडक्यात जाऊ देणार नव्हतो. जेवढं आलं तेवढं कपाळावर घेतलं. मग उरलेलं फडक्यानं पुसलं. मधनं बाहेर, सरळ. उस्तादनं माझं मनगट खालनं धरून ठेवलं.

सीडीवर तांबूस डाग राहिलाच. कप्पा आत गेला. पोरगी गाडीपाशी आली. चौकोन झाले. उस्ताद लॅपटॉपकडं बघून म्हणाला, "चल. चल म्हणतो ना." खर्र झालं, आणि चित्र पुढं गेलं.

सनई थांबली. आणि तिचा आवाज.

"ए, बंद कर ते! रडताना काय काढतोस रे? काय काम न्हाई का तुला?" पदरानं नाक पुसलं, आणि मग, "आन् त्यांना बघा की कुनीतरी. त्या खांबापाशी हुबे हायेत. सकाळधरनं पोटात काय न्हाई त्यांच्या. वाढा त्यांना आधी."

फोटोवाल्यानं कॅमेरा वळवला. मांडवाच्या खांबाला टेकून मी उभा. फेटा तिरका. भलतीकडंच बघतोय. मग पडदा काळा.

उस्ताद माळ्याकडं तोंड करून ओरडला, "दोन ताटं वाढ!"

"भाई, मला भूक न्हाई."

"मला नका सांगू," तो म्हणाला. टीव्हीकडं बोट केलं. "त्यांना सांगा."

मी जेवलो. दोन भाकरी खाल्ल्या.

त्यानं त्या सीडीच्या तीन नकला काढल्या, पेनड्राइव्हवर. देताना प्रत्येकाला तो जी अट घालायचा तीच मलाही घातली. नक्कल न्या, पण अस्सल टाकायची नाही. टाकली असं कळलं तर पुढच्या वेळी दुकानात पाऊल ठेवायचं नाही. मी म्हटलं, "भाई, मी टाकीन व्हय?"

"तुम्ही नाही टाकणार. तुमच्या पोरांचं सांगता येत नाही."

त्यानंतर दीडेक वर्ष मी रोज त्याच्याकडं जाऊन बसायचो. पाट मांडीवर घ्यायचो, डोळे मिटायचो. कधी कधी तो मला मुद्दाम दोन सारखी तोंडं द्यायचा आणि मी चुकलो की लय खूश व्हायचा. शेवटी खोकला लागला तरी ब्रश सोडला नाही. गेल्या वर्षी गेला. दुकानही गेलं. त्या फटीत आता कुल्फी विकतात.

त्याचे जावई सगळं भंगारात घालायला निघाले होते. मी उंबऱ्यात आडवा उभा राहिलो. त्याची बायको माळ्यावरनं खाली आली. रोज 'भंगार बाहेर काढा' म्हणून ओरडणारी ती. जाडा लॅपटॉप, निळी वायर आणि पाट तिनं स्वतः माझ्या हातात दिला. "आबा, घेऊन जा. आणि साफ करत जा. त्यांना पिना घाण झालेल्या चालायच्या नाहीत."

बंगल्याचा मालक आला होता मधे. मागच्या खोलीत डोकावला. "हे काय भंगार साठवलंय?"

मी म्हटलं, "ते हितंच ऱ्हानार. मला काढायचं आसंल तर सांगा, दोघं संगट जाऊ." परत त्यानं विषय काढला नाही.

दसऱ्याला मी विळा, कोयता, फावडं मांडलं. शेजारी लॅपटॉप. कुंकू लावलं ते झाकणाला, बाहेरनं. तिथं वाचायचं काही नसतं, आता मला कळतं. सीडीच्या पाठीला हात लावला नाही. मग टीव्हीला निळी वायर जोडून कान पिळले, आवाजाची वायर वेगळी जोडली आणि सीडी लावली. पोरगा सुट्टीला आलेला. पेनड्राइव्ह हातात नाचवत म्हणाला, "आबा, ह्याच्यात आहे की सगळं. ते आता चालत नाही."

मी चष्मा काढला. सदऱ्याला पुसला. परत घातला.

"कोण म्हनतंय?" मी म्हटलं. "बस खाली. तुजी आई बोलतीय."